तोंडात खिळे धरणारा मेहुणा

माझ्या मेहुण्याइतका तिरपागडा सुतार अख्ख्या धुळे-जळगावात दुसरा नसेल, आणि असलाच तर देवानं त्याला कुणाच्या घरावर चढू देऊ नये. मी शाळा फार शिकलो नाही, पण छप्पर डोक्यावर असावं, डोक्यात असू नये, एवढं मला कळतं. ह्याच्या डोक्यातच होतं. तरणा असताना हा हिमाचलात रस्त्याच्या कामावर गेला, तिथल्या घरांवर लाकडी कौलं पाहून आला, आणि तेव्हापासून आमची मातीची धाबी, आमचे पत्रे त्याला कस्पटासमान. "दाजी, पत्रा म्हंजे तवा शे तवा! तुम्ही काय भाकर शेतस का?" असं मला, माझ्याच पडवीत उभं राहून!

पुढे तो दीपनगरला वीजकेंद्राच्या वसाहतीच्या बांधकामावर सुतार होता. तिथं यंत्रं देवदारी खोक्यांतून यायची. त्या मोडक्या खोक्यांच्या फळ्या ट्रकभर घेऊन हा दोंडाईच्याजवळ आमच्या गावी हजर. माझी बायको त्याची थोरली बहीण. ती म्हणाली, "पडवीवर मना भाऊना हातनं छप्पर जोयजे." झालं, तिथंच माझं मत संपलं.

फळ्या चिरून त्यानं लाकडी कौलं केली आणि खालून वर, माशाच्या खवल्यांसारखी एकीवर एक ठोकायला लागला. बरं, ठोकायची तर चिकटून ठोक ना! दोन कौलांत फट ठेवायचा. मी ओरडलो, "अरे, हे छप्पर आहे का चाळणी?" वरून उत्तर आलं, "म्म्हं म्म्हं." कारण ह्याचं तोंड सदा खिळ्यांनी भरलेलं. बोलायला खिळे काढणं त्याला कमीपणाचं वाटे. त्याची ती भाषा जगात एकटी माझी बायको समजायची. खाली स्वयंपाकघराच्या दारात दादर ज्वारी निवडत, मान वर न करता सांगायची, "तो म्हणस, लाकूडले फुगाले जागा लागस. आन् चहामा अद्रक टाक. आन् दाजीले सांग, दूर सरका." शेवटचं ती पदरचं घालायची असा माझा आजही संशय आहे.

एका कौलावर खोक्याचा बाण होता, ही बाजू वर ठेवा म्हणून. ह्यानं तोच बाण खाली करून ठोकला. शेजारचा आबा मला रोज विचारी, "काय नाना, घर ट्रकमधून उलटं उतरवलं का?" फिरव म्हटलं तर फिरवेना. लाकडाची रेघ जिकडे जाते तिकडेच पाणी जातं म्हणे. आणि एक कौल केसभर वाकडं दिसलं, की सगळी ओळ उपटायचा.

अशात बायको अंथरुणाला खिळली. खाट पडवीतच ठेवा म्हणाली, भावाचं छप्पर पुरं झालेलं बघायचं होतं तिला. मी त्याच्या हातापाया पडलो, "अरे, उरलेल्यावर पत्रा टाक, पण संपव!" हा ठोके, उपटे, पुन्हा ठोके. ती म्हणे, "राहू द्या, चांगलं करस तो." अर्धी कौलं, अर्धी ताडपत्री, त्याखालून गेली माझी बायको. हे मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी हा हातोडी घेऊन शिडीवर. मी भडकलो. "आता कुणासाठी? उतर खाली!" वरून आलं, "म्म्हं म्म्हं." मी सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे वळलो आणि विचारलं, "काय म्हणतो गं हा?"

दारात कोणी नव्हतं.

शिडीवरून त्यानं ते पाहिलं. एकेक खिळा तोंडातून काढून तळहातावर घेतला. म्हणाला, "अक्कानी सांगेल शे, दाजी. पुरं करनं पडी."

पुरं केलं. थेंब गळत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. अजून डागडुजीला येतो. पण आता माझ्याशी बोलायचं असलं की आधी खिळे हातात घेतो. शब्द न् शब्द स्पष्ट. मी त्याला म्हटलं, "असू दे रे तोंडात. नाही समजलं तरी चालेल मला."