रिकाम्या कबरीचा शनिवार

सिसेल,

तुला राग येईल, पण सांगतेच. तू गेल्यापासून शनिवारचं दंताळं मी फिरवते, आणि तुझ्यासारखं नाही फिरवत. उलट्या पावली मागे मागे यायचं, रविवारी प्रार्थनेला येणाऱ्यांना कबरीवरच्या खडीत एकही ठसा दिसता कामा नये, हे मला पाठ आहे. पण माझे गुडघे म्हणजे तुझे गुडघे नव्हेत.

गावात नवीन आलेल्यांना मी तुझ्याबद्दल एवढंच सांगते: बंदरावर मासे साफ करणारी बाई, हात बारा महिने लाल, आणि चर्चच्या आवारात एका रिकाम्या कबरीची मालकीण. तुझ्या नवऱ्याची, लाउस्टची, बोट वादळात गेली, तिची फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही. तरी तू त्याच्या नावाचा दगड बसवलास, खाली तुझ्या नावापुरती जागा सोडून. दर शनिवारी तिथली खडी केस विंचरावेत तशी विंचरायचीस. कोपनहेगनहून आलेला नवा पाद्री एकदा हात मिळवायला सरळ त्या रेषांवरून चालत आला. तू हात मिळवलास, आणि तो वळल्याबरोबर त्याच्या पावलांमागून निमूट दंताळं ओढत गेलीस.

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. मला हे खूळ वाटायचं, आणि तसं मी तुझ्या तोंडावर म्हटलंही. तो तिथे नाही हे तुलाही कळत होतं.

"देव हाक मारेल तेव्हा समुद्रातूनसुद्धा उठेल तो, मास्तरीणबाई," तू म्हणालीस. "पण उठलेला माणूस घर शोधणार. त्याला पत्ता नको?"

मग चर्चने भाड्याने दिलेल्या त्या कबरीच्या जागेची मुदत संपली. जिथे कोणी पुरलेलं नाही ती जागा परत घ्यायची, असा नियम. चर्चच्या कमिटीवर मीही होते. तू बंदरावरून तशीच आलीस, खुर्चीवर बसली नाहीस. अध्यक्ष एस्किल्ड बराच वेळ कॉफी ढवळत राहिला.

"अगं सिसेल, तिथे कोणी नाहीच ना," तो शेवटी म्हणाला.

"ईस्टरच्या पहाटे त्या बाया येशूच्या कबरीकडे गेल्या, तेव्हा त्या कबरीत तरी कोण होतं? आणि तिच्या जिवावर तुम्ही अख्खं चर्च बांधून बसलाय."

कोणी हसलं नाही. एस्किल्डचा थोरला भाऊ लाउस्टच्याच बोटीवर होता. त्याच्या नावाचा तर दगडही नाही. एस्किल्डने नियमांचा कागद पालथा घातला आणि केकची ताटली तुझ्यापुढे सरकवली. तो विषय पुन्हा निघाला नाही.

तुझ्या तर्कात एक भोक होतं, ते मी घरी जाऊन शोधूनही काढलं. त्याचा उपयोग झाला नाही. न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवणं म्हणजे डोळे मिटून स्वस्थ बसणं, असं मी धरून चालले होते. तू तर त्यापायी दर आठवड्याला कंबर मोडून घेत होतीस.

आता तूच तिथे आहेस, म्हणजे नियमानेही जागा पक्की झाली.

राहिलं ते दंताळं. त्याचा एक दात पडलाय, तो बसवायला दोघींनी मिळून लेमविगच्या लोहाराकडे जायचं ठरलं होतं. एकदा बर्फ पडलं, एकदा तुझे पाय सुजले, एकदा मलाच कंटाळा आला. अजून प्रत्येक ओढीला खडीत मधोमध एक उंचवटा राहतो. लोहाराचं दुकान चालू आहे, मी चौकशी केली.