बावीस नंबर गैरहजर

रग्बीचा एकही सामना मैदानावर जाऊन न पाहिलेल्या, किंबहुना तो लांबोळका चेंडू आयुष्यात हातातही न धरलेल्या माणसाने सातासमुद्रापलीकडच्या धिप्पाड खेळाडूंना इतक्या निष्ठुरपणे मार्क दिल्याचं दुसरं उदाहरण पृथ्वीच्या पाठीवर सापडायचं नाही. हा माणूस म्हणजे आमच्या मालकांचे सासरे. मालक त्यांना मामा म्हणत, म्हणून ऑफिसातले आम्ही सगळेच त्यांना मामा म्हणायला लागलो. राहायला कसब्यात, जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, आणि दर उन्हाळ्यात बोर्डाचे पेपर तपासून मुलांचा आणि पालकांचा तळतळाट घेतलेला.

तेव्हा पुण्यात दर दुसऱ्या इमारतीवर संगणकाच्या कंपनीची पाटी चढत होती. आमचीही एक होती, मार्केट यार्डाजवळ. खाली ट्रान्सपोर्टवाला, वर आम्ही. खिडकी उघडली की कांद्याचा वास आत यायचा. काम मात्र थेट विलायतेचं. तिकडच्या एका वर्तमानपत्राला दर शनिवारच्या रग्बी सामन्यातल्या प्रत्येक खेळाडूला दहापैकी मार्क देऊन हवे असत. रविवारी सकाळी सामन्याचं चित्रीकरण आमच्याकडे यायचं, संध्याकाळी सहापर्यंत मार्क परत पाठवायचे. आमच्यात रग्बी कोणालाच येत नव्हतं. मी लोणी काळभोरचा, माझी धाव कबड्डीपर्यंत. शेजारी अकोल्याहून आलेली वैशाली. कोणी कोणाला पाडलं, चेंडू कोणी हिसकावला, हे ती पडद्यावर बघून बटणं दाबत मोजायची, आणि त्या आकड्यांवरून संगणक मार्क काढायचा. ते मार्क पडताळायला कोणीतरी 'अनुभवी परीक्षक' हवा, असं करारात लिहिलेलं होतं. मालकांनी सासऱ्यांना आणून बसवलं. घरी बसून ते सासूबाईंच्या भाजी चिरण्यातल्या चुका काढत होते, त्यामुळे दोन्ही घरांची सोय झाली.

मामांनी पहिल्याच आठवड्यात रग्बीचे नियम छापून घेतले, त्यांना खाकी कव्हर घातलं आणि लाल पेन्सिलीने अधोरेखित करून पाठ केले. चेंडू पुढे का फेकायचा नाही, हा प्रश्न त्यांनी आम्हाला तीन वेळा विचारला, आणि आम्हाला उत्तर येत नाही म्हटल्यावर तिन्ही वेळा "असो" म्हणाले. पुण्यातलं ते "असो" ज्याने ऐकलंय त्यालाच त्याची धार कळेल. खेळाडू एकमेकांत डोकी घालून रेटतात त्याला ते रेटारेटी म्हणत, एकावर एक पडतात त्याला ढीग. सामना बघायचा तो आवाज बंद करून. "समालोचक कॉपी पुरवतो," असं त्यांचं म्हणणं. आठच्या वर त्यांनी कधी कोणाला मार्क दिले नाहीत, पण अर्धा मार्क मात्र जिवापाड जपला. शेरे मराठीत असत, त्यांचं इंग्रजी मी करायचो. 'अंगात बळ आहे, पण ते कुठे ठेवलंय हे त्यालाच ठाऊक नाही,' या शेऱ्याचं मी 'ताकदवान खेळ' एवढंच इंग्रजी केलं तेव्हा त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता.

मालकांना ते भर ऑफिसात "जावईबापू" म्हणत. एकदा सकाळी दहाला त्यांनी सगळ्यांसमोर मालकांना झाडलं, "जावईबापू, आपल्या कंपनीत वेळेवर फक्त चहा येतो." आणि अधिक महिना चालू होता म्हणून दुपारी एकला त्याच मालकांपुढे तेहतीस अनारशांचं ताट ठेवून त्यांना वाकून नमस्कारही केला. मालक दोन्ही वेळेला सारखेच लाल झाले.

पण त्यांची सगळ्यात विचित्र सवय म्हणजे पुठ्ठा. परीक्षेला मुलं पेपरखाली धरतात तसला, चाप असलेला. सामना सुरू झाला की पडद्यावर चेंडू जिथे असेल तिथे ते हा पुठ्ठा आडवा धरत आणि उरलेला पडदा बघत. वैशालीला पहिल्या दिवशी हसू आवरेना.

"मामा, काऊन झाकता जी? चेंडू तर तिथंच हाय ना!"

"चेंडू सगळं जग बघतंय, बाई. ज्याच्याकडे तो नाही तो काय करतोय, ते मला बघू द्या."

असंच चाललं होतं. मग तो रविवार आला. विलायतेचं काम सहा महिन्यांच्या बोलीवर होतं, आणि ते पुढे चालू ठेवायचं की नाही हे त्या आठवड्यात ठरणार होतं. मालक साताऱ्याला लग्नाला गेलेले. जाताना मला म्हणाले, "काळभोर, आज चूक नको. काम गेलं तर पहिल्यांदा तुम्हा नव्या लोकांनाच घरी पाठवावं लागेल." माझ्या घरी वडिलांनी गावभर सांगून झालं होतं, पोरगा कंप्युटरमधी हाय म्हणून.

सामना चिखलातला होता. दुपारी तीनला संगणकाचे मार्क आले. यजमान संघाचा कप्तान, सात नंबरचा, त्याला तीन. राखीव खेळाडूंतला बावीस नंबर, त्याला आठ. मामांचा कागद बघितला, तर सात नंबरला साडेसात, आणि बावीस नंबरपुढे लाल अक्षरांत लिहिलेलं 'गैरहजर'.

"मामा, बावीस नंबरनं एकट्यानं चौदा जणांना पाडलंय. वैशालीनं मोजलंय."

"तो मैदानात आलेलाच नाही."

"मग पाडलं कोणी?"

"कप्तानाने."

माझं डोकं सटकलं. रागात माझी गावची बोली बाहेर येते. "मामा, ही काय बोर्डाची परीक्षा हाय का? तुमच्या डोळ्यांना आता दिसत नाय, तर तसं सांगा की!"

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. "मध्यंतराच्या थोडं आधी. एकदा झाकून बघा," एवढंच म्हणाले, पिशवी उचलली आणि बस पकडायला निघून गेले.

साडेपाचपर्यंत मी हट्टाने बघितलं नाही. मग मार्क पाठवायच्या बटणावर बोट गेलं आणि तिथेच अडलं. वैशालीने चित्रीकरण मागे नेलं. मी पुठ्ठा धरला. चेंडू डाव्या कडेला होता, सगळे तिकडे धावत होते. उजव्या कडेला मात्र एक माणूस उघड्या अंगाने उभा होता. कप्तानाची जर्सी फाटली होती. कोणीतरी त्याच्याकडे दुसरी जर्सी फेकली, त्याने ती डोक्यातून ओढली आणि पाठमोरा होऊन पळत सुटला. पाठीवर तेवीस. तेवीस नंबर आमच्या यादीत नव्हताच. ती जादा ठेवलेली जर्सी होती. पुढच्याच ढिगात चिखल लागला आणि तिनाचा दोन झाला.

"अगं माय!" वैशालीने कपाळावर हात मारला.

सहाला दोन मिनिटं असताना दुरुस्त मार्क गेले. एरवी संगणकाचे पूर्ण मार्क जात; त्या घाईत कप्तानापुढे मी मामांचे साडेसात तसेच टाइप केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी विलायतेहून संपादकाचा फोन आला. मालकांनी स्पीकर चालू केला. मी खुर्चीची कड धरून उभा. मामा नेहमीच्या जागी पेन्सिलीला टोक करत बसलेले. संपादकाची तक्रार एकच होती: त्यांच्या तक्त्यात अर्धा मार्क बसत नाही, तेव्हा कप्तानाला आठ केले तर चालेल का? बाकी सगळं उत्तम, काम वर्षभर चालू ठेवू.

मालकांनी मामांकडे पाहिलं.

"आठ? छे," मामा म्हणाले. "सात करा म्हणावं."

मला हसू आलं. मी तिथेच खाली बसलो. छातीवरून ट्रक उतरावा तसं वाटलं. मग उठून मामांसमोर गेलो. "मामा, काल मी..." म्हणालो. त्यांनी डब्यातली सुरळीची वडी पुढे केली. "घ्या. बाईंनाही द्या. आधी तिकडे लक्ष गेलं नाही तुमचं, मग गेलं. झालं."

पुढे दोनेक वर्षांनी त्या वर्तमानपत्राने ते पानच बंद केलं. आमची कंपनी वाढली, हिंजवडीला काचेच्या इमारतीत गेली, आणि मामा दुसऱ्यांदा निवृत्त झाले. एकदा मीटिंगमधून बाहेर आलो तर खालच्या रखवालदाराचा फोन: एक आजोबा साहेबांना भेटायला आले होते, साहेब कामात आहेत आणि कार्डाशिवाय दार उघडत नाही म्हटल्यावर अर्धा तास इथेच बसले, आणि आता गेले. मी जिन्याने धावत उतरलो. फाटकापर्यंत कोणी दिसेना. बसथांब्यावर बघितलं तर तिथे बसले होते, मांडीवर पिशवी, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं.

"अहो, वर निरोप तरी द्यायचा!"

"जावईबापू कामात होते. चांगलं आहे की." त्यांनी सरकून मला जागा केली. "काळभोर, तुम्ही जेवलात का?"

जेवलो होतो. नाही म्हणालो. त्यांनी पिशवीतून डबा काढला. आम्ही खात असताना त्यांची मनपाकडे जाणारी बस आली, थांबली, आणि आमच्यापैकी कोणीच उठत नाही असं बघून निघून गेली.