उपाशी आणि उपास

"उद्या सकाळी उपाशी या," असं दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं होतं. मी ऐकलं, उपास करून या. बायकोला तसंच सांगितलं, तिनं बिचारीनं खिचडी केली. वर दोन केळी हाणून, असा कडकडीत उपास करून मी हजर झालो. भूल देऊन लहान आतड्यात दुर्बीण घालायची होती. डॉक्टरांनी विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

मी छाती काढून म्हणालो, "छे! साबुदाणा आणि दोन केळी सोडून काही नाही."

तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली.

खरं तर हसण्यासारखी अवस्था नव्हती. वर्षभर पोटात कळा, जुलाब. अंगात रक्त नाही. विजार नुसती नाडीच्या भरवशावर. कोल्हापुरात पोट दुखलं की आरोपी ठरलेला असतो, तिखट! मी तांबडा रस्सा सोडला, मिसळ सोडली. दूध-पोळी, शिरा, चहात बुडवून खारी. जितका सात्त्विक झालो तितका वाळत गेलो. मित्र म्हणाला, "पार देवमाणूस झालास की लेका. आता फोटोला हार तेवढा राहिलाय."

दुसऱ्या दिवशी खरोखरचा उपाशी गेलो. आतड्यात जखमाच जखमा निघाल्या. क्षय असेल, त्याहून वाईटही असेल, म्हणून तुकडे तपासायला गेले. मग रिपोर्ट आला.

"गहू सोसत नाही तुमच्या आतड्याला," डॉक्टर म्हणाले. "त्यानं अशा जखमा क्वचितच होतात, पण तुम्हाला झाल्यात. गोळ्या देतो. गहू, मैदा, रवा मात्र जन्मात नको. जखमा भरल्या नाहीत तर आतडं आक्रसेल, मग तेवढा भाग कापावा लागेल."

"आणि तिखट?"

"तिखटानं काय घोडं मारलंय?"

म्हणजे वर्षभर मी वैऱ्यालाच दुधात कुस्करून खात होतो.

त्या दिवसापासून बायकोनं कंबर कसली. हिंगाच्या डबीतसुद्धा गव्हाचं पीठ निघालं, डबी गेली. गिरणीत आमच्या ज्वारीच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असायचा. गिरणीवाला म्हणाला, "वहिनी, चिमूटभरानं काय हुतंय?"

"ह्यांचं आतडं जातंय की!" म्हणून ती डबा उचलून परत आली. घरीच लहान चक्की घेतली.

माझी परीक्षा कागलच्या लग्नात झाली. यजमान जिलेबीचं ताट घेऊन समोर उभे. "पावणं, एक तरी घ्याच! एकानं काय हुतंय?" जीभ माझी फितूर झाली होती. पण मी ताटावर दोन्ही हात आडवे धरले आणि घरून नेलेली भाकरी रश्श्यात कुस्करली. ते रुसले. रुसू देत. आतडं माझं होतं.

काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण. या खेपेला पाण्याचा घोटही बायकोला विचारून घेतला. जखमा भरल्या होत्या. कापाकापी टळली.

घरी आलो तर बायकोनं साबुदाण्याची खिचडी पुढ्यात ठेवली. म्हणाली, "साबुदाणा, वरी, राजगिरा, उपासाचं सगळंच चालतंय तुम्हाला. म्हणजे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं की! डॉक्टरांनाच उशीर झाला."