जनूच्या केबिनमधला आवाज

जनू गेल्याची बातमी मला गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली, आणि म्हणूनच मी ती मानली नाही. या ग्रुपने पूर्वी एका धडधाकट माणसाला श्रद्धांजली वाहिली होती. तो माणूस दुसऱ्या दिवशी बाजारात मासळीचा भाव करताना दिसला, तेव्हा लोकांना जरा अवघडल्यासारखं झालं, इतकंच. शिवाय जनूच्या फोटोला हार आणि भोवती पणत्या, ही तयारी मला फार झटपट वाटली. खात्री करावी म्हणून मी फोन लावला… आणि लावला तो जनूलाच. गेलेल्या माणसालाच विचारायचं की बाबा, तू खरंच गेलास का! त्याला स्वतःला ही पद्धत पटली असती. दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये, असं त्याचं मत होतं. फोन माझ्या बहिणीने, नंदाने उचलला. "दादा," ती म्हणाली, "खुर्चेत बसललेसत, तसेच गेले." मग मात्र मला मानावं लागलं.

जनार्दन माझा शाळासोबती आणि पुढे नंदाचा नवरा. तोंडवलीला घर, दारात सहाचाकी ट्रक. हंगामात देवगडचा आंबा मुंबईला न्यायचा, एरवी जांभ्या दगडाचे चिरे भरून वैभववाडीवरून घाट चढायचा. ट्रकवाल्यांनी त्याची शोकसभा केली. फलकावर जनूचा फोटो कोपऱ्यात, आणि दुःख व्यक्त करणाऱ्या पुढाऱ्यांचे त्याच्या दुप्पट. नेमकं गेलं कोण, हे कळायला माणसाला फलकाजवळ जावं लागत होतं. एका वक्त्याने त्याला 'सारथी' केलं, दुसऱ्याने 'महामार्गाचा दीपस्तंभ'. तिसरे म्हणाले, जनार्दनरावांचा माणसांवर अपार विश्वास होता. मी नंदाकडे पाहिलं. तिने पदराने तोंड झाकून घेतलं होतं. लोकांना वाटलं, रडते आहे.

जनूचा कुणावरही विश्वास नव्हता. देवळात गेला तर एक चप्पल पुढच्या दाराशी आणि दुसरी मागच्या दाराशी काढायचा. ज्योतिषाकडे गेला तो वारलेल्या चुलत्याची पत्रिका आपली म्हणून घेऊन, आणि ज्योतिषाने विवाहयोग सांगितल्यावर समाधानाने परत आला. गाडीवर क्लीनर ठेवायचा आणि थोड्याच दिवसांत डिझेलच्या संशयावरून काढून टाकायचा. शेवटी एकटाच गाडी नेऊ लागला. घरात टीव्ही लागला की उठून पडवीत जायचा. म्हणायचा, "बातम्यावालो इतक्या मोठ्यान बोलता म्हणजे तेका सोताकच पटलला नाय."

असा हा माणूस एके दिवशी म्हणाला, की मुक्कामाला केबिनमध्ये टीव्ही हवा. नंदा दुसऱ्याच दिवशी देवगडला माझ्याकडे आली. चहाचा कप हातात धरून शांतपणे म्हणाली, "दादा, घरचो टीव्ही ह्या माणसाक बगवना नाय, आणि आता गाडयेत होयो. केबिनीक पडदे शिवून घेतल्यान. नवी गादी घातल्यान. कोणासाठी?"

"तेकाच होयी आसतली."

"तो गोणपाटार निजता. माका गादयेचा सांगू नको." तिने कप खाली ठेवला. "तू जा तेच्या वांगडा टीव्ही घेवक. आणि काय खरा निघाला, तर मी तुझ्याकडे येतलंय. मागची खोली मोकळी करून ठेव."

नंदा उगाच बोलणारी बाई नाही. मी त्याच संध्याकाळी मागच्या खोलीतली नारळाची पोती हलवली.

आम्ही कणकवलीच्या एका दुकानात गेलो. उकाड्यात टाय लावलेला विक्रेता फार आदराने बोलत होता, त्यामुळे जनू पहिल्यापासूनच सावध. पर्याय दोन होते. एक, घरात असतो तसा मोठा टीव्ही आणि जोडीला इन्व्हर्टर. दुसरा, ट्रकच्या बॅटरीवर थेट चालणारा लहान टीव्ही. इन्व्हर्टर गुणगुणतो आणि बॅटरी खातो, सकाळी घाटाच्या पायथ्याशी गाडी सुरू झाली नाही तर ढकलायला हा येणार का, असं जनूने विचारलं. विक्रेता येणार नव्हता. मग लहान टीव्ही ठरला. टपावर डिशची छत्री लावावी, तर प्रत्येक मुक्कामाला तिचं तोंड फिरवत बसा. मोबाइलच्या इंटरनेटवर लावावा, तर घाटाखाली रेंज नाही. शेवटी पेनड्राइव्हमध्ये मालिका भरून घ्यायच्या, असं निघालं. तुम्ही नुसतं बोला, हा टीव्ही तुमचं ऐकतो, असं विक्रेत्याने कौतुकाने सांगितलं, तेव्हा जनूने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "माझा आयकणारो नको. बोलणारो दाखव."

इथवर सगळं त्याच्या स्वभावाला धरून होतं. नंतरचं मात्र मला कळेना. त्याने पिशवीतून केबिनचा पडदा काढला. सोबत आणला होता. विक्रेत्याला तो टीव्हीसमोर धरायला लावला, भांडणाऱ्या दोन बायकांची मालिका सुरू करवली आणि काचेचं दार ओढून स्वतः रस्त्यावर जाऊन, दुकानाकडे पाठ करून उभा राहिला. आत येऊन म्हणाला, "दुसरो लाव." पुन्हा बाहेर. विक्रेत्याने न राहवून विचारलं, "साहेब, चित्र तरी बघा." जनू म्हणाला, "चित्र घेऊन माका काय करूचा आसा? बाईचो आवाज घरच्यासारखो होयो. ही सभेत बोलल्यासारखी बोलता."

घरच्यासारखा… मी खुर्चीवर बसून घेतलं.

येताना मी विचारलं, "जनू, ह्यो खटाटोप कोणासाठी?" तो म्हणाला, "सांगतंय तुका." मग बरंच अंतर गेल्यावर म्हणाला, "नको. तू नंदाक सांगतलंस."

मी नंदाला जे पाहिलं ते सांगितलं. चित्राकडे न बघता टीव्ही घेतला, एवढंच. ती म्हणाली, "बगूचो नाय, तर घेतलो कित्याक?" उत्तरही तिनेच दिलं. "आवाज झाकूक. आता आतसून खंयच्याय बाईचो आवाज इलो, तरी म्हणतलो टीव्ही." कोर्टाच्या कचेरीत कारकुनीत आयुष्य काढूनही इतका पक्का आरोप मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यात शेजारचा भिकाजी, हाही ट्रकवरच, तिला येऊन सांगून गेला. "वहिनी, माझा काय जाता… पण घाटाखालच्या मुक्कामाक जनूच्या केबिनीतसून बाईमाणसाचो आवाज येता."

"टीव्ही असतलो," नंदा म्हणाली.

"मगे दोन ताटां घेता ती? टीव्ही जेवता?"

पुढच्या खेपेला नंदा चिऱ्यांच्या गाडीत चढून बसली. पिशवीत रोजच्यापेक्षा जास्त लुगडी होती, कारण तिथून ती सरळ माझ्याकडे यायच्या तयारीत होती. जनू तिला बघून नुसता "बस" म्हणाला आणि हसला. त्याचं ते हसणंच तिला पटलं नाही.

घाटाखालच्या ढाब्यावर दिवस कलायच्या आत गाडी थांबली. ढाब्याचा मालक दोन ताटं घेऊन आला आणि नंदाला पाहून मनापासून म्हणाला, "वहिनी, आज खाली उतरलात! रोज नुसतो आवाज आयकतंय." नंदा नंतर मला म्हणाली, त्या क्षणी मी मनाने तुझ्या मागच्या खोलीत पोचले होते. तिने जनूला एवढंच विचारलं, "कोण ती?"

"तू," जनू म्हणाला.

मग त्याने सांगितलं ते असं. एकट्या माणसाची गाडी दिसली, की रात्रीत टाकीतलं डिझेल जातं. पण कुटुंब घेऊन चाललेल्या गाडीला चोर सहसा शिवत नाहीत, आजूबाजूची माणसंही लक्ष ठेवतात. म्हणून प्रत्येक मुक्कामावर तो सांगत आला होता, की बायको सोबत असते, लाजरी आहे, खाली उतरत नाही. पडदे तिच्यासाठी. गादी, चुकून दार उघडं राहिलं तर लोकांना दिसावी म्हणून. दुसरं ताट कुत्र्यांना, म्हणजे तीही गाडीजवळ राहतात. टीव्ही तिचा आवाज. आणि हा स्वतः खाली, टाकीशेजारी, गोणपाटावर, अर्धा जागा.

नंदाचा विश्वास बसला नाही. तिचं म्हणणं, इतकी तयार उत्तरं या माणसाकडे कधीच नसतात. "माका दाखवा," ती म्हणाली. जनूने टीव्ही लावला, पडदा ओढला, दार लावलं, आणि दोघं टाकीपाशी येऊन उभी राहिली. आत दोन बायका तावातावाने भांडू लागल्या. ढाब्यावरच्या माणसांनी एकदा तिकडे पाहिलं आणि दुसऱ्याच्या घरातलं भांडण कानावर आल्यावर पाहतात तसं लगेच तोंड फिरवलं. नंदाने बराच वेळ ऐकलं.

"ही मी?" तिने विचारलं. "माझो आवाज असो आसा?"

"तुझ्यासारखी दुकानात गावली नाय," जनू म्हणाला.

या उत्तरात काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी तिथे नव्हतो, आणि असतो तरी मला पुरावा लागला असता. नंदाला तेवढं पुरलं. ती केबिनमध्ये चढली, टीव्ही बंद केला आणि पडद्याआडून, ढाब्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ओ, ताट थंड होता. येतास काय?" जनू त्या रात्री गादीवर झोपला. मला नंतर म्हणाला, "जाग इली तेवा ऊन पडलला." गाडीवर इतका गाढ तो कधी झोपला नव्हता. पुढे नंदा बहुतेक खेपांना त्याच्याबरोबर जाऊ लागली, आणि मी नारळाची पोती परत मागच्या खोलीत आणून टाकली.

परवा संध्याकाळी तोंडवलीला गेलो. नंदाच्या घराच्या आजूबाजूला आता पर्यटकांसाठी खोल्या झाल्यात. रस्त्यावर रोज नवी माणसं. मुलगी मुंबईला, घरात नंदा एकटी. बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकाशी, पोचलो तर आतून तिचा आवाज आला, चांगला मोठा. "ओ, मागच्या दाराक कडी घातलात मां? परत बगा एकदा." रस्त्याने चाललेल्या दोघातिघांनी घराकडे पाहिलं आणि पुढे गेले. मी होतो तिथेच उभा राहिलो… ती पडवीत आली. मला पाहून तिने आवाज जराही कमी केला नाही. "दादा, पाय वाजवू नको हां. ते आताच निजलेसत."

मी चपला हातात घेतल्या आणि आत गेलो.