उन्हात पुसलेली चिप

तुमची ही आजी शाळेत इंग्रजी शिकवायची, एवढं तुम्हा दोघा नातवंडांना ठाऊक आहे. पण त्यानंतरची बरीच वर्षं मी आपल्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. यंत्रांचे सुटे भाग मागवायचे, नोंदवायचे, जागच्या जागी ठेवायचे. शाळा सुटली तरी नाव सुटलं नाही, तिथेही सगळे मला बाईच म्हणत. त्या स्टोअरमध्ये मी एक मोठी चूक केली आणि एका माणसाने ती फार सुंदर निस्तरली. ते तुम्हाला माहीत असावं, म्हणून लिहिते.

कारखान्याची वीज वाफेवरच्या टर्बाईनपासून तयार व्हायची. टर्बाईन ठरलेल्या वेगानेच फिरलं पाहिजे, आणि त्यासाठी वाफ किती सोडायची हे कंट्रोल पॅनेलमधलं एक कार्ड ठरवायचं. वहीच्या पानाएवढी पातळ हिरवी पाटी, तिच्यावर बारीक बारीक भाग. बनवणाऱ्या कंपनीने ते कार्ड केव्हाच बंद केलं होतं. मी पत्र पाठवलं तर उत्तर आलं की आता सगळं पॅनेलच नवं घ्यावं लागेल.

आमचे इन्स्ट्रुमेंट मिस्त्री आखाडा बाळापूरचे. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, तो हात यांच्याकडे आलेला. कंपनीचं पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, बंद पडलेल्या कारखान्यांना लिवा. चांगल्या इंग्रजीत लिवा. भंगारवाल्याच्या आधी आपलं पत्र पोचलं पायजे."

मी बरीच पत्रं लिहिली. एका बंद कारखान्यातून उत्तर आलं. तिथे अगदी आमच्यासारखंच टर्बाईन होतं. मिस्त्री स्वतः गेले, त्या पॅनेलमधून कार्ड काढून मांडीवर ठेवून एसटीने घेऊन आले. आमच्या टर्बाईनवर ते लावून पाहिलं, बरोबर चाललं. मग काढून माझ्या ताब्यात दिलं. "आता हंगामाची काळजी न्हाई," असं त्यांनी चीफ इंजिनिअरसाहेबांना सांगून टाकलं.

मी ते कार्ड माझ्या परीने जपलं. कार्डावरच्या एका चिपेवर चांदीच्या कागदाची पट्टी चिकटवलेली होती. मळलेली, एका कडेने सुटलेली. मला तसलं काही बघवत नाही. मी ती सोलून टाकली, स्पिरिटने चिप पुसली आणि कार्डाच्या कडेला स्वच्छ अक्षरात नवा नंबर लावला. पट्टीखाली टिकलीएवढी गोल काच निघाली. मला ती शोभेची वाटली. शिवाय आमच्या स्टोअरला पावसाळ्यात ओल यायची, म्हणून दर मे महिन्यात मी असली कार्डं गच्चीवर चादरीवर मांडून चार-पाच दिवस कडक ऊन द्यायची. डाळीला देतो तसं.

काही वर्षांनी, ऐन हंगामात, सकाळी टर्बाईन बंद पडलं. चालू कार्ड जळालं होतं. गाळप थांबलं. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत लागलेली. तोडलेला ऊस वाळत पडला की रस कमी होतो, त्यामुळे एकेक तास जड जात होता. मिस्त्रींनी माझ्याकडून ते दुसरं कार्ड नेऊन लावलं. पॅनेलचे दिवे लागले, पण त्याच्या पडद्यावर एकही आकडा उमटेना.

त्यांनी कार्ड काढून उजेडात धरलं.

"बाई, ह्याच्यावरची चांदीची पट्टी?"

"मी काढली. किती घाण झाली होती."

"आन ऊन लागलं का ह्याला?"

"दर वर्षी देते की. चांगलं चार-पाच दिवस."

त्यांनी कार्ड खाली ठेवलं. "पापडासारखं?"

मग त्यांनी समजावलं. टर्बाईन कसं चालवायचं याच्या सगळ्या सूचना त्या चिपेत लिहिलेल्या असतात. त्या काचेतून ऊन आत गेलं की लिहिलेलं हळूहळू पुसून जातं. पट्टी त्यासाठीच होती.

तेवढ्यात साहेब आले आणि मिस्त्रींवरच ओरडले, "तूच म्हणला होतास ना, दुसरं कार्ड तयार हाय म्हणून?"

"व्हय साहेब, मीच म्हणलो होतो," एवढंच ते बोलले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पुढे होऊन सांगितलं की चूक माझी आहे, कशी झाली तेही सांगितलं.

मिस्त्री म्हणाले, "जळालं ते कार्ड. त्याच्यावरची चिप जिती असंल." ती चिप काढायची आणि चांगल्या कार्डावर बसवायची, असा मार्ग होता. पण हे लिखाण आता तेवढ्या एका चिपेत उरलं होतं. कंपनीकडे नाही, दुसऱ्या कुणाकडे नाही.

त्यांनी हातातलं घड्याळ काढलं, चपला काढल्या, अंगातली वीज उतरावी म्हणून अर्थिंगची तार हातात धरली. मग बारीक पेचकसाने चिप या टोकाने केसभर उचलायची, मग त्या टोकाने केसभर. पाय नाजूक असतात, एक मोडला तर संपलं. बाहेर ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत होते. मिस्त्रींच्या हाताला ते ऐकूच येत नसावेत. चिप सुटली तेव्हा तिचे सगळे पाय सरळ होते.

"लाव आता लवकर," साहेब म्हणाले.

"न्हाई साहेब."

"न्हाई म्हणजे?"

"पैले हिची नक्कल करतो. जुन्या कार्डासंगं ही जळाली न्हाई, पण ह्या पॅनेलमधी काय बिघाड हाय अजून कळलं न्हाई. ही जळाली तर कारखाना उद्याबी बंद आन परवाबी बंद."

"अन ऊस?"

"दुपारपर्यंत वाळंल थोडा. रागवा तुमी मला."

साहेबांनी जीप दिली. एका ट्रॅक्टरवाल्याकडून सिगारेटच्या पाकिटातला चमकीचा कागद मागून मिस्त्रींनी चिप त्यात गुंडाळली. नक्कल करायचं यंत्र नांदेडला होतं, तिकडे निघालो. मीही गेले, चिपेची माहिती इंग्रजी पुस्तकात होती म्हणून, आणि मला तिथे बसवत नव्हतं म्हणून. बाळापूरच्या बाजारात जीप अडकली तेव्हा मी म्हटलं, "मिस्त्री, माझ्यामुळे झालं हे सगळं."

"पट्टी कशाला असते ते मी तुमाला सांगितलंच न्हाई, बाई. अर्धी चूक माझी. अर्धीच हां, जास्त न्हाई घेणार."

नांदेडला एका गल्लीत पूर्वी एसटीडी बूथची बिलाची मशिनं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ होते. चिपा वाचण्या-लिहिण्याचं यंत्र त्यांनी माळ्यावरून उतरवलं, धूळ झटकली. चिप वाचली. पुन्हा वाचली. दोन्ही वेळा आतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज एकच आली, म्हणजे लिखाण शाबूत होतं. मिस्त्रींनी पहिल्यांदा श्वास सोडला.

म्हातारे म्हणाले, "कोरी चिप आणली का? अब बाजार में मिलती नहीं."

मिस्त्रींनी खिशातून दुसरी पुडी काढली. माझी, उन्हात पुसलेली चिप. निघताना तीही काढून घ्यायला ते विसरले नव्हते. यंत्राने तपासलं.

"बिलकुल साफ! किसने पोंछी इतनी अच्छी?"

"आमच्या बाईंनी," मिस्त्री गंभीरपणे म्हणाले. "लई मेहनत घेतली. लई उन्हाळे."

मी हसले आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्याच चिपेवर नक्कल उतरली.

परत आल्यावर मिस्त्रींनी आधी पॅनेल तपासलं. विजेचा पुरवठा करणारा एक भाग खराब होता, त्यानेच कार्ड जाळलं होतं. अस्सल चिप घाईने बसवली असती तर काय झालं असतं, हे साहेबांना कुणी सांगावं लागलं नाही. तो भाग बदलला, नकलेची चिप बसवली. पडद्यावर शून्य उमटलं, मग आकडा चढू लागला. ठरलेल्या वेगाला येऊन थांबला आणि तिथून हलला नाही.

साहेबांनी विचारलं, "अस्सल चिप कुठंय?"

"बाईंजवळ दिली."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"साहेब, ऊन लागलं तर काय होतं, हे आता ह्या कारखान्यात बाईंइतकं कुणाला ठाऊक हाय?" असं म्हणून मिस्त्री घड्याळ मनगटावर चढवत चहाला निघून गेले. बाहेर पहिला ट्रॅक्टर वजनकाट्यावर चढला होता.