तळेघरच्या पुस्तकांवर आमचे नंबर

आमच्या वाचनालयाचं नाव सांगत नाही. जुन्नर तालुक्यातल्या एका बाजारगावातलं, एवढं पुरे. त्या कार्यकारिणीतली माणसं अजून गावात आहेत, आणि मला भाजी तिथूनच आणावी लागते.

नव्वदीच्या शेवटी कुणा पुणेकरानं आम्हाला जुना कॉम्प्युटर दान दिला. अध्यक्षांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, फोटो काढून घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आता बाई, तुम्ही बघा." मी सहायक ग्रंथपाल. म्हणजे ग्रंथपाल म्हणून अध्यक्षांचे मेव्हणे, आणि कामाला मी. पुढची काही वर्षं एकेक पुस्तक हातात घेऊन मी त्याची माहिती आत भरली. नाव, लेखक, प्रकाशक, विषयाचा क्रमांक आणि शेवटी आमचा दाखल क्रमांक. विषयाचा क्रमांक सगळीकडे सारखाच असतो. शेतीचं पुस्तक कुठल्याही गावात शेतीच्याच क्रमांकावर बसतं. दाखल क्रमांक मात्र ज्याचा त्याचा घरचा. आमच्या दारातून ते पुस्तक कितवं आत आलं, एवढंच तो सांगतो.

हे काम करताना माझं डोकं सारखं एकाच गोष्टीवर सणकायचं. तीच कादंबरी, तेवढीच पानं, आणि गावोगावच्या वाचनालयांत एकेक जण तीच माहिती नव्यानं लिहीत बसलाय! अरे, एकानं लिहिलं ते बाकीच्यांनी घ्या की! पुस्तक दिलं तर कपाटात जागा रिकामी होते. पुस्तकाची माहिती दिली तर कुणाच्या बापाचं काय जातं? म्हणून सूचीची छापील प्रत निघाली तेव्हा पहिल्याच पानावर मी लिहून टाकलं, 'या सूचीतली माहिती कुणीही घ्यावी, वापरावी, त्यात भर घालावी. फक्त कुठून घेतली ते लिहावं.' अध्यक्षांनी ते पान न वाचता खाली सही ठोकली. वाचायची सवय त्यांना नव्हतीच.

ती माहिती मागायला पहिली आणि शेवटची आली ती तळेघरची एक सून. माहेर येडगावचं, म्हणून अधूनमधून आमच्या बाजाराला यायची. सासर भातशेतीवालं, नवरा भोसरीला कंपनीत. सासऱ्याच्या हातापाया पडून तिनं घराच्या पुढची खोली मागून घेतली होती आणि तिथं वाचनालय मांडलं होतं. बदलून गेलेले मास्तर पुस्तकं देऊन गेले, भीमाशंकरला येणारे पुण्याचे लोक पिशव्या भरून टाकून गेले, तिनं सगळी ठेवून घेतली. "लई पुस्तकं हायेत ताई," मला म्हणाली, "पण ढीग हाय नुसता. मागितलं की घावत न्हाई. आन् सासरे म्हणत्यात, रद्दीच घालायची तर खोली मोकळी कर, भात ठेवू." तिच्या जिवाला एवढंच लागलं होतं, की खोली राहावी. त्या घरात ती खोली सोडून तिला बसायला जागा नव्हती.

मी तिला सूचीची अख्खी प्रत दिली. तुझ्याकडची जी पुस्तकं आमच्याकडेही असतील त्यांची माहिती यातून घे, डोकं चालवायची गरज नाही, म्हणाले. पहिलं पान तिनं तिथंच उभ्यानं मोठ्यानं वाचलं. "म्हंजी इचारायचं बी न्हाई?" म्हणाली. नाही, म्हटलं, विचारायचं नाही. प्रत पदरात गुंडाळून ती बसला पळाली.

घरी बसून तिनं काय केलं असेल? जे जे पुस्तक सूचीत सापडलं, त्याच्या पाठीवर चिठ्ठी डकवून सूचीतली ओळच्या ओळ उतरवली. विषयाचा क्रमांक, आणि त्याच्याखाली आमचा दाखल क्रमांकसुद्धा! तिला वाटलं, जमिनीला जसा सरकारनं गट नंबर दिलेला असतो, तसा पुस्तकालाही वरूनच नंबर मिळतो. आमच्या यादीत जो आहे तोच त्या पुस्तकाचा, मग ते कुठंही असो. तिला यातलं कुणी शिकवलंच नव्हतं. आणि मी लिहिलेली अट तिनं अक्षरशः पाळली. खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, की सूची अमक्या वाचनालयाकडून घेतली आहे, आभारी आहोत.

श्रावणात अध्यक्ष आणि कार्यकारिणीतले चौघं जीपनं भीमाशंकरला निघाले. तळेघरला चहाला थांबले, तर भिंतीवर आपल्याच वाचनालयाचं नाव! मी तिथं नव्हते. जे झालं ते त्यांनीच संध्याकाळी माझ्या टेबलाशी उभं राहून, हसून हसून सांगितलं. अध्यक्षांनी एक पुस्तक काढलं, पाठीवरची चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "हा नंबर आमचा ना?" ही बाई आनंदानं फुललेली. साहेब आले, साहेबांनी आपला नंबर ओळखला! म्हणाली, "व्हय साहेब, तुमचाच!" दुसरं काढलं. "हा?" "त्यो बी तुमचाच!" तिसऱ्या पुस्तकापर्यंत दारात गाव जमलं होतं. मग अध्यक्ष सासऱ्याकडे वळून म्हणाले, "पावणं, ऐकलंत ना? सूनबाईच कबूल होतायत." चिठ्ठीवाली सगळी पुस्तकं जीपमध्ये भरली. तिनंच केलेला चहा पिऊन मग निघाले. तिच्या 'व्हय साहेब'ची नक्कल करताना एकाला तर हसून ठसका लागला. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

मी उठले, कपाटातून त्याच नंबरांची आमची पुस्तकं काढली आणि एकेक तिच्या पुस्तकाशेजारी ठेवत गेले. हे आमचं, हे तिचं. हे आमचं, हे तिचं. तिच्या प्रतींच्या आत मास्तरांच्या सह्या, 'वाचनालयास सप्रेम भेट' असं लिहिलेलं. टेबल भरलं तसं त्यांचं हसणं थांबलं. आमचं एकही पुस्तक कमी नव्हतं हो! आंधळ्यालाही दिसलं असतं.

"दिसतंय मला," अध्यक्ष म्हणाले. "तिथंच दिसलं होतं."

"मग आणलीत कशाला?"

"तपासणी येतेय. अनुदानाच्या वरच्या वर्गात जायला पुस्तकं कमी पडतात. ही दोन-दोन प्रती म्हणून चढवा."

"हा शुद्ध दरोडा आहे, साहेब!" मी ओरडले.

"हळू," ते म्हणाले. "सूची बाहेर कुणी दिली, ते मी अजून विचारलेलं नाही."

मी तरी गप्प बसले नाही. कार्यकारिणीच्या बैठकीत बोलले, तालुक्याला अर्ज केला. उत्तर आलं, की तळेघर आंबेगाव तालुक्यात येतं, हा विषय या कार्यालयाचा नाही. आंबेगावनं कळवलं, पुस्तकं जुन्नर तालुक्यात आहेत. मेल्यांनी तिची पुस्तकं दोन तालुक्यांच्या मधे गाडून टाकली. शेवटी मेव्हण्यांनी स्वतः कॉम्प्युटरवर बसून ती चढवली. 'कशी मिळाली' या रकान्यात 'देणगी' आणि देणगीदाराच्या जागी 'अज्ञात'. सूचीची नवी प्रत निघाली, तिच्या पहिल्या पानावर 'नक्कल करण्यास सक्त मनाई' असा रबरी शिक्का होता. आम्हाला वरचा वर्ग मिळाला आणि पेढे वाटले. मी पेढा घेतला नाही, तर मेव्हणे म्हणाले, "बाईंना साखर झाली वाटतं."

तिच्या खोलीत त्याच हंगामात भात पडलं. गावानं तिला चोर म्हटलं नाही, म्हणायची गरजच पडली नाही. सासऱ्यानं तिचं बाजाराला येणं तोडलं.

दोन-अडीच वर्षांनी ती आली. माहेरी कुणाचं तरी लग्न होतं. वाळली होती. मी उठून खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिऊन ती म्हणाली, "सभासद व्हता येतंय का?" तालुक्याबाहेरच्यांना सभासद करत नाहीत, हे मला तिला सांगावं लागलं. "इथं बसून वाचता तरी येतंय का?" ते येत होतं. तिनं एका पुस्तकाचं नाव सांगितलं. तिचंच होतं. मी आणून दिलं आणि नियमाप्रमाणे वहीत तिची सही घेतली.

बसची वेळ होईपर्यंत ती खिडकीशी बसून वाचत राहिली. पहिल्या पानावर मास्तरांच्या अक्षरावर आमचा गोल शिक्का मारलेला होता. तिनं एकदा त्यावरून बोट फिरवलं आणि पान उलटलं. मीच इकडे टेबलाशी डोळे पुसत होते.

मग उठली, पुस्तक माझ्यापुढं ठेवलं आणि वही माझ्याकडे सरकवली.

"परत केलंय ताई," ती म्हणाली. "पानं मोजून घ्या, आन् माझ्या म्होरं नाव खोडा. मागनं कुनी म्हनाया नको, हिनं नेलं."

मी पानं मोजली आणि नाव खोडलं.