आमदारसाहेब फिरायला जातात

कुवेतहून आणलेला रेडिओ बंद पडला, ब्लँकेट विरलं, किस्से मात्र घरातल्या रिकाम्या डब्यांसारखे साठतच गेले. टाकवतही नाहीत! मित्र जमले आणि मी घसा खाकरला, की बायको आतून ओरडते, "तो आमदाराचा नको, झालाय तो सांगून!" आता आमदाराचा एकच किस्सा असता तर ठीक. पण तो गृहस्थ म्हणजे किस्स्यांचं गोदाम होता. एक काढायला जावं तर मागून चार घरंगळत येतात.

तेव्हा मी कुवेतमध्ये, अबू हलीफाजवळ एका अमेरिकन ड्रिलिंग कंपनीच्या कॅम्पात स्टेनो होतो. कंपनी तेलाच्या विहिरी खणायची आणि मी साहेब बोलेल ते टाईप करायचो. माझे साहेब मिस्टर हार्लन. कॅम्पातल्या माणसांची राहण्या-जेवण्याची, भरतीची, रजेची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. त्याआधी ते अमेरिकेत चक्क आमदार होते! आपल्याकडे राज्याची विधानसभा असते तशी तिकडेही प्रत्येक राज्याची असते. तिच्यात हे तीन वेळा निवडून गेले, चौथ्यांदा पडले आणि पडले ते थेट कुवेतच्या वाळूत.

* * *

आमदारकी गेली तरी सवय जात नाही. सकाळी ऑफिसला येताना हार्लन वाटेत भेटेल त्याला थांबवायचे. रत्नागिरीकडचा वेटर असो, बलुची वेल्डर असो की इराणी हमाल. नाव विचारायचे, गाव विचारायचे, पोरं किती ते विचारायचे. महिन्याभरानं तोच माणूस भेटला तर, "काय रे, धाकटीचा खोकला बरा आहे का?" अशी चौकशी. माणूस गारच व्हायचा.

एकदा मी धीर करून म्हटलं, "सर, इथल्या एकाचंही तुमच्या राज्यात मत नाही."

"माहीत आहे, गोगटे," ते म्हणाले. "म्हणून तर पोरांची चौकशी आयुष्यात पहिल्यांदा खरी खरी करतोय!"

मी हसलो. ते हसले नाहीत.

* * *

मेसमध्ये काय शिजवायचं, यावरून साहेब लोकांत नेहमी कुरबूर. हार्लननी जाहीर केलं, की हा प्रश्न विधिमंडळाच्या पद्धतीनं सोडवायचा. मेनूचं बिल मांडायचं, त्याची तीन वाचनं करायची, दुरुस्त्या घ्यायच्या आणि मग मतदान.

आता बिल म्हटलं की चर्चा आली. मटणवाले एकीकडे, मासळीवाले दुसरीकडे. पहिल्या वाचनात भांडण, दुसऱ्यात समझोता. तिसऱ्या वाचनात ठराव एकमतानं मंजूर झाला, की शुक्रवारी दुपारी सुट्टीची मेजवानी: तळलेलं पापलेट, मटण, पुलाव आणि फळांचं पुडिंग. मी टाईप करून नोटीस लावली. इतकं सुरेख बिल आपल्या राज्यातही कधी पास झालं नव्हतं, असं हार्लन म्हणाले.

शुक्रवारी दुपारी साहेब लोक इस्त्रीचे शर्ट घालून मेसमध्ये आले, तर चूल थंड! आचाऱ्यापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळा स्वयंपाकघराचा स्टाफ दाभोळ-बाणकोटकडचा, आणि सगळा जुम्म्याच्या नमाजाला गेलेला. तीन वाचनं झाली, पण स्वयंपाक्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मेसचे मुख्य इस्माईलभाई, दाभोळचे. पांढरी दाढी, चढा आवाज. ते मशिदीतून सावकाश परत आले, भुकेलेल्या साहेबांची रांग पाहिली आणि म्हणाले, "साब, कायदा तुमचा. चूल माजी हाय."

* * *

हार्लनना कुणाला 'नाही' म्हणता यायचं नाही, ही त्यांची मुख्य अडचण. दोन माणसं भांडत आली, की ते दोघांचंही मान डोलावून ऐकायचे. निर्णय द्यायची वेळ आली की उठायचे, टोपी घालायचे आणि म्हणायचे, "मी जरा फिरून येतो."

आता कुवेतमध्ये भर उन्हाळ्यात दुपारी फिरायला कोण जातं? बाहेर पत्र्यावर पापड भाजावा असं ऊन! साहेब तासाभरानं लालबुंद होऊन परतायचे, तोवर भांडणारे कंटाळून निघून गेलेले असत. इस्माईलभाई खिडकीतून बघत आणि म्हणत, "साब फिराया निघालं. कुनाचा तरी काम अडला."

मला तेव्हा ही गंमतच वाटायची.

* * *

एकदा संध्याकाळी आम्ही दोघं समुद्रावर बसलो होतो. कोळी जाळी आवरत होते. आमदारकी का गेली, ते मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं.

त्यांच्या कोर्टानं निकाल दिला होता, की गोरी आणि काळी मुलं एकाच शाळेत शिकली पाहिजेत. यांच्या राज्यातल्या पुढाऱ्यांनी तोड काढली: मुलांना एकत्र बसवायची पाळी आली, तर सरकारी शाळाच बंद करायच्या. म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला! तसं बिल आलं. हार्लनना ते मनापासून पटत नव्हतं. विरोधात मत द्यावं तर मतदार चिडणार, बाजूनं द्यावं तर रात्री झोप येणार नाही.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"नाव पुकारायच्या वेळी बाहेर गेलो. पाणी प्यायला."

"मग?"

"पाणी पिऊन आलो, तोवर बिल पास झालं होतं." मग म्हणाले, "दोन्ही बाजूंनी मला पाडलं, गोगटे. आणि दोघांचंही बरोबर होतं."

त्या संध्याकाळी मला त्यांच्या फिरायला जाण्याचं हसू यायचं थांबलं.

* * *

आमच्या कॅम्पचे मॅनेजर ब्रॅडी. हेही हार्लनच्याच गावाकडचे. यांचा मेव्हणा तिकडे पक्षाचा मोठा माणूस, तिकिटं वाटणारा. एके दिवशी ब्रॅडी हार्लनच्या केबिनमध्ये आले आणि माझ्यासमोरच म्हणाले, "मेव्हण्याशी बोलणं झालंय. पुढच्या निवडणुकीत तुझी जुनी जागा तुला. फक्त तोवर शहाण्यासारखा राहा."

ब्रॅडी गेले आणि हार्लन खुर्चीतून उठून खोलीभर फिरले. पन्नाशीचा माणूस, पण शाळेत पहिला आल्यासारखा चेहरा! मला म्हणाले, "गोगटे, मला दुसरं काहीच येत नाही हो. शेतीच्या अवजारांचं दुकान काढलं, बुडवलं. मी सभागृहातच बरा." त्या दिवसापासून ते आरशात बघून भाषण घोकायला लागले. कुठल्याही विषयावरचं, कुणालाही न दुखावणारं.

* * *

आणि मग टेबलाचं प्रकरण झालं.

कॅम्पात दोन मेस. सीनियर मेसमध्ये एअरकंडिशनर, बर्फाचं मशीन, पांढऱ्या चादरीचं लांबलचक टेबल. लेबर मेस म्हणजे पत्र्याची शेड. लेबरच्या माणसानं सीनियर मेसचा उंबरठा ओलांडायचा नाही, असा कडक नियम. जुलैत एक दिवस बलुची वेल्डर उन्हानं कोसळला. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे पांढरे. इस्माईलभाईंनी त्याला दोघांच्या मदतीनं उचललं, थेट सीनियर मेसमध्ये आणलं, टेबलावरच्या बशा बाजूला सारल्या आणि त्याला टेबलावर निजवून अंगावर बर्फ रचला!

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. साहेब लोक आत आले तर ताटांच्या जागी वेल्डर. कॅम्पचे डॉक्टर फिंच धावले आणि कामाला लागले. बाकीचे भिंतीला टेकून उभ्यानं सँडविच खात राहिले. माणूस वाचला.

ब्रॅडी मात्र पेटले. "आमच्या जेवणाच्या टेबलावर!" एवढं एकच वाक्य ते दिवसभर म्हणत होते. इस्माईलभाईंना काढायचं त्यांनी ठरवलं. नोकरी गेली की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना गेला, आणि इकामा गेला की मिळेल त्या बोटीनं दाभोळ. घरी सहा तोंडं खाणारी.

मी इस्माईलभाईंना गाठून म्हटलं, "अहो, माफी मागून टाका. म्हणा, चूक झाली."

ते भांडं पुसत राहिले. म्हणाले, "गोगटेसाब, मेज धुतला की साफ होतो. मेलेला मानूस धुतला, तर उठतो काय?"



कुणालाही काढायचं तर तिघांच्या कमिटीनं ठरवायचं, ही पद्धत हार्लननीच आणलेली. ब्रॅडी, डॉक्टर आणि हार्लन. मतं सारखी पडली तर मॅनेजरचा शब्द अखेरचा. मी कोपऱ्यात टिपणं घ्यायला. ब्रॅडी म्हणाले, "काढा." डॉक्टर म्हणाले, "मुळीच नाही." दोघांनी हार्लनकडे पाहिलं.

हार्लन उठले. टोपी घातली. "मी जरा फिरून येतो," म्हणाले.

ब्रॅडींनी हसून सिगारेट पेटवली. हार्लन बाहेर गेले की काम फत्ते. ना कुणाला दोष, ना कुणाचं तिकीट जायचं. हार्लन दारापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला आणि आमच्याकडे पाठ करून नुसते उभे राहिले. किती वेळ, देव जाणे. मग वळले, परत येऊन बसले. टोपी डोक्यावरच.

"गोगटे, लिहा. हार्लन: काढायच्या विरोधात."

ब्रॅडींची सिगारेट हातातच राहिली. "नीट विचार कर. मेव्हण्याला काय सांगू?"

"सांग, की हार्लननं मत दिलं," साहेब म्हणाले. "ऐकून तोही चाट पडेल!"

टिपणं लिहिताना माझी अक्षरं वेडीवाकडी आली. डोळे भरले होते, खोटं कशाला सांगू?

त्या दुपारी हार्लन त्याच टेबलावर जेवायला बसले. इस्माईलभाईंनी आभारबिभार काही मानले नाहीत. ताट ठेवता ठेवता एवढंच म्हणाले, "साब, मेज दोनदा धुतलाय." हार्लन म्हणाले, "एकदा पुरे होतं."

* * *

तिकीट अर्थातच गेलं. वर्षभरात हार्लन नोकरी सोडून मायदेशी गेले आणि कुठल्याच पक्षाचं तिकीट नसताना जुन्या जागेसाठी उभे राहिले. पडले, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. डॉक्टर फिंच त्या सुमारास रजेवर होते. हार्लनच्या गावच्या सभेला मुद्दाम गेले होते. परतल्यावर त्यांनी मेसमध्ये आम्हाला जे सांगितलं, ते सांगतो.

सभा गावच्या शाळेत. हॉल गच्च, सगळे गोरे. भाषण सुरू होण्याआधीच विरोधकांचा एक माणूस उभा राहिला. "मिस्टर हार्लन, शाळांच्या बिलाच्या वेळी तुम्ही पाणी प्यायला गेला होता. ते बिल उद्या परत आलं, तर कुठे असाल?"

"सभागृहात," हार्लन म्हणाले. "आणि विरोधात मत देईन. माझ्या शेजारच्या काळ्या पोरानं या शाळेत का बसू नये, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

मग खुर्च्या सरकल्या. एक उठला, दोन उठले, रांगाच्या रांगा उठून बाहेर पडल्या. हार्लन मंचावर उभेच. शेवटी मागच्या रांगेतून एक म्हातारा शेतकरी उठला. तो दाराकडे गेला नाही. काठी टेकत टेकत मंचापाशी आला.

"तीन वेळा तुला मत दिलं," तो म्हणाला, "पण तुझ्या पोटात काय आहे ते कधी कळलं नाही. आज कळलं. आता मत मिळणार नाही."

आणि त्यानं हात पुढे केला. "पण हात दे."